मागच्या पुराची रेघ
घर आणि आपत्ती : लेखांक ६

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या अनेक घरांत सकाळी पेपर हातात पडला की आधी एकच आकडा शोधला जातो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीकर हेच आयर्विन पुलापाशी बघतात आणि तिथे कृष्णेचे आकडे आहेत ४० आणि ४५. जुलै उजाडला की हे आकडे मोबाइलवर तासातासाला फिरू लागतात आणि शाळकरी पोरांनाही ते तोंडपाठ असतात. नदीकाठच्या माणसांना पूर कळत नाही असं म्हणायची सोयच नाही. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये असंख्य कुटुंबं अगदी शेवटपर्यंत घरात थांबली, आणि मग त्यांना कमरेएवढ्या पाण्यातून, नाहीतर बोटीतून बाहेर पडावं लागलं.

याचं एक मोठं कारण भिंतीवरच्या रेघेत आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर घराघरांत जुन्या पुराची खूण सांगितली जाते. कुठे ओलीचा डाग, कुठे रंगाची रेघ, तर कुठे नुसतं आजोबांनी बोट दाखवलेलं. २००५ चा महापूर ही कितीतरी घरांची मोजपट्टी होती. नवं घर बांधताना जोतं त्या रेघेच्या वर घेतलं गेलं, गोठा वर सरकवला गेला. म्हणजे लोकांनी तयारी केलीच होती. २०१९ ला पाणी चढू लागलं तेव्हा ‘पाच सालाला उंबऱ्याला लागून परत गेलतं, आता लई तर हातभर चढंल’ हाच हिशोब झाला. धान्याची पोती टेबलावर गेली, फ्रिज विटांवर चढला, कागदपत्रं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली गेली. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि सांगलीत कृष्णेने ५७ फूट ओलांडले. टेबल, विटा, कपाट सगळं पाण्याखाली गेलं. लोकांनी मग भिंतीवर नवी रेघ मारली. दोनच वर्षांनी कोल्हापुरात पाणी ५६ फुटांच्या वर गेलं आणि तीही रेघ बुडाली.

मागचा पूर फार तर एवढंच सांगतो की पाणी इथवर येऊ शकतं. याच्या वर येणार नाही, असं त्याने कधीच कबूल केलेलं नसतं.

त्या रेघेत आणखी एक खोट आहे. पाणी घरात किती चढलं ते ती सांगते, पण घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी रस्ता जातो. शिरोळ तालुक्यातली गावं घ्या, नाहीतर कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली आणि आंबेवाडी घ्या. ओढ्यावरचा ठेंगणा पूल बुडतो, सखल रस्ता दिसेनासा होतो आणि गावाचं बेट होतं. तेव्हा अंगण कोरडं असतं, चूल पेटलेली असते, त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटत राहतं. वेळ मात्र रस्ता बुडाला तेव्हाच संपलेला असतो. पुढचा प्रवास बोटीचा, आणि बोटीचा प्रवास किती धोक्याचा असतो ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने ८ ऑगस्ट २०१९ ला पाहिलं. पुरातून सुटका करणारी बोट तिथे उलटली आणि त्यात अनेकांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान मुलंही होती.

म्हणून नदीकाठच्या प्रत्येक घराने स्वतःपुरता एक आकडा शोधून काढायला हवा. बंधाऱ्यापाशी किती फूट पाणी झालं की आपला बाहेर पडायचा रस्ता बंद होतो? हे कुठल्या नकाशात शोधत बसायला नको. दूध घालायला रोज पहाटे बाहेर पडणारा, एसटीचा चालक, गावचा पोलीसपाटील, यांच्यापैकी कुणालाही विचारलं तर उत्तर मिळतं. तो आकडा ४१ असेल तर त्या घरासाठी ४३ च्या धोका पातळीला अर्थ उरत नाही. ३९ ला म्हातारी माणसं, गरोदर बाई, आजारी माणूस आणि जनावरं बाहेर. ४० ला बाकीचे सगळे. हे पाटीवर किंवा वहीच्या पानावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावावं आणि मे महिन्यात, ऊन असताना लिहावं. पाणी चढत असताना घरात मतभेद होतात, एकजण नको म्हणतो आणि सगळे थांबतात. आधी ठरलेलं आणि लिहिलेलं असलं की तो वाद टळतो.

अर्थात हे गणित सगळीकडे एकसारखं नाही. कोल्हापूरचा पूर सावकाश येतो. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांचं पाणी प्रयागपाशी एकत्र होतं. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप उघडतात, त्याची बातमी जिल्हाभर होते, आणि मग सपाट खोऱ्यात पाणी फुटाफुटाने चढत जातं. ते उतरायलाही कितीतरी दिवस घेतं. इथे घराच्या हाताशी एखादा दिवस तरी असतो.

कोकणात तेवढी सवड मिळत नाही. जुलै २०२१ मध्ये त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी पश्चिमेला उतरतं तेव्हा त्याला समुद्रापर्यंतचं अंतर फार थोडं असतं आणि उतार तीव्र असतो. २२ जुलैला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ आणि सावित्री-गांधारीने महाड शहर बुडवलं, ते काही तासांत. त्यात समुद्राला भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकायला जागाच राहत नाही. अशा गावात ‘बाहेर कधी पडायचं’ यापेक्षा ‘वर कुठे चढायचं’ हे आधी ठरलेलं असावं. जवळ पक्की दुमजली इमारत कोणती, तिच्या जिन्याची किल्ली कुणाकडे असते, रात्री दोन वाजता ते दार उघडेल का, हे शेजाऱ्यांनी आधी बोलून ठेवावं. कौलारू बैठं घर असलेल्यांनी तर नक्कीच.

आता घरातल्या वस्तूंकडे येऊ. त्यातही एका वस्तूबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ती म्हणजे गॅसचं सिलिंडर.

रिकामं सिलिंडर पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना माहीत असतं. भरलेलंही तरंगतं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीचं वजन साधारण १५-१६ किलो, म्हणजे एकूण तीस किलोच्या आसपास. पण सिलिंडरचं आतलं आकारमानच ३३ लिटरच्या वर आहे. पाण्यात बुडालं की ते आपल्या वजनापेक्षा जास्त पाणी बाजूला सारतं, आणि म्हणून वर येतं. शेगडीला जोडलेलं सिलिंडर असं वर उचललं गेलं की नळी आणि रेग्युलेटर यांना हिसका बसतो आणि गॅस सुटू शकतो. त्यामुळे घर सोडताना रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरच्या तोंडावर टोपी घट्ट बसवायची आणि दोरीने ते खांबाला किंवा खिडकीच्या गजाला उभं बांधायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ती टोपी मात्र जागेवर सापडली पाहिजे, म्हणून ती दोऱ्याने सिलिंडरलाच अडकवलेली राहू द्यावी. वास आलाच तर गॅसगळतीसाठी १९०६ हा देशभराचा क्रमांक आहे.

त्यानंतर विजेचा मेन स्विच. तो कोरड्या हाताने, कोरड्या जमिनीवर उभं राहून बंद करता येईल तेव्हाच करायचा. पायाखाली पाणी आलं असेल तर त्याला हात लावू नये. इन्व्हर्टरची बॅटरी बहुतेक घरांत जमिनीलगत असते. पावसाळ्यापुरती तरी ती वर घ्यावी.

कागदपत्रांची पिशवी हा प्रत्येक यादीतला पहिला विषय असतो, आणि ते योग्यच आहे. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, पीकविम्याची पावती, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि डिजिलॉकरमध्ये असावेत, शिवाय बाहेरगावच्या एका नातेवाइकाला पाठवलेले असावेत. इतकं करूनही कागद भिजलेच, तर ओल्या घड्या ओढून उलगडू नयेत, फाटतात. उन्हातही घालू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, खाली-वर कोरडा कागद घालून हळूहळू वाळवावेत. गठ्ठा मोठा असला आणि लगेच जमणार नसलं, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवावा. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही. जुने कागद सांभाळणारे तज्ज्ञ हाच उपाय करतात.

औषधांचं मात्र असं पुढे ढकलता येत नाही. रक्तदाब, मधुमेह, फिट येणं, दमा असं काही असेल तर निदान पंधरा दिवसांचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पिशवीत हवी. वीज गेल्यावर इन्सुलिनचं काय, हा प्रश्न पुरात हमखास येतो. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन वापरायला काढल्यावर ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. न उघडलेल्या कुप्या, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात घालून माठाजवळ गारव्याला ठेवता येतात. कोणता प्रकार किती टिकतो हे आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून डब्यावर लिहून ठेवावं.

पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरत नाही, त्यांनाही तयारी लागतेच. २०१९ ला कोल्हापूर शहराला पाणी देणारी शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली. उंच भागातल्या, जिथे पुराचा थेंबही पोचला नाही अशा घरांतले नळही कोरडे पडले आणि टँकरसमोर रांगा लागल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी बंद झाला तसं पेट्रोल संपत आलं आणि भाजी-दूध मिळेनासं झालं. माणशी रोज चार लिटर पाणी पिण्या-स्वयंपाकाला धरलं, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार लागतात. पावसाने जोर धरला की ते भरून ठेवावेत.

आणि जनावरं. घर न सोडण्याचं सर्वांत खरं, सर्वांत अवघड कारण तेच असतं. दुभती म्हैस हे घराचं रोजचं उत्पन्न असतं. तिला सोडून या असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. २०१९ च्या पुरात लोकांनी म्हशी स्लॅबवर चढवल्या, त्यांच्यासोबत तिथेच राहिले. यावर उपाय एकच आहे: माणसांच्या आधी जनावरं हलवायची. उंचावरच्या गावातल्या पै-पाहुण्यांशी बोलून ठेवायचं, दोन दिवसांची वैरण आधी तिकडे टाकायची, टेम्पोवाला ठरवायचा. आणि अगदीच वेळ आली तर दावी सोडायची. बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं. मोकळ्या जनावराला पोहून सुटायची संधी तरी मिळते.

पाणी उतरल्यावर घरी परतायची घाई सगळ्यांना असते. तरी वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. कपाटाखाली, गाद्यांच्या ढिगात साप असू शकतात, म्हणून आधी काठीने हलवून बघावं. विहीर-बोअरचं पाणी टीसीएल पावडर टाकून शुद्ध करेपर्यंत उकळूनच प्यावं. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. पायाला जखम असताना चिखलात उतरलेल्यांनी ताप येईपर्यंत थांबू नये. प्रतिबंधक गोळी असते, ती सरकारी दवाखान्यात विचारून घ्यावी.

साफसफाई सुरू करण्याआधी मोबाइल काढावा. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, फुगलेल्या पोत्यांचे, मेलेल्या जनावराचे फोटो घ्यावेत. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत कुजलेलं धान्य घरात ठेवणं शक्य नसतं, म्हणून ते फोटोच उपयोगी पडतात. पाण्यात बुडालेली गाडी किंवा ट्रॅक्टर ‘चालतोय का बघू’ म्हणून सुरू करू नये. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की ते मोडतं, आणि ते नुकसान साध्या विम्यात बहुधा धरलं जात नाही. आधी विमा कंपनीला कळवायचं, मग गाडी ओढून गॅरेजला न्यायची.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. हे तीन आकडे आपल्या घराच्या आकड्याखाली, त्याच वहीच्या पानावर.

पुढच्या आठवड्यात भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली तेव्हा बहुतेक माणसं जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली सापडली. तशीच घरं आजही मराठवाड्यात उभी आहेत. ती न पाडता सुरक्षित कशी करता येतील, ते त्या लेखात पाहू.