रान नाचणी (तण)

रान नाचणी हे तृणकुळातील वर्षायू गवत असून त्याचे शास्त्रीय नाव एल्युसिन इंडिका आहे. धान्यासाठी पिकवली जाणारी नाचणी याच प्रजातीत मोडते. रान नाचणीचा चपटा, पांढुरका बुंधा जमिनीलगत पसरतो. त्यामुळे हिरवळ कापणाऱ्या यंत्राच्या पात्याखालून ती सुटते. तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत इतर गवत विरळ होते, पण रान नाचणी तग धरते. म्हणूनच पायवाटा, क्रीडांगणे व गोल्फची मैदाने येथे ती फोफावते.

नियंत्रण

या तणाचा प्रसार बियांपासून होतो आणि एक रोप हजारो बिया देते. त्यामुळे बी धरण्यापूर्वी ते मुळासकट काढणे महत्त्वाचे असते. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन व कापूस या खरीप पिकांत रूढ असलेली डवरणी आणि निंदणी याच तत्त्वावर चालते. हिरवळीत डवरा चालवता येत नाही. तेथे जमिनीला छिद्रे पाडून ती भुसभुशीत करतात व हिरवळ दाट राखतात. पेंडिमेथॅलिनसारखी तणनाशके बी उगवण्यापूर्वी वापरली जातात. मात्र एकच तणनाशक वारंवार वापरल्यास त्याला दाद न देणारी रोपे टिकून वाढतात. ग्लायफोसेटला प्रतिकार करणारी रान नाचणी मलेशियात १९९७ मध्ये आढळली.