सिद्धता दिली, पुरस्कार नाकारले

फील्ड्स पदक जाहीर होऊनही ते नाकारणारे ग्रिगोरी पेरेलमन हे आजवरचे एकमेव गणितज्ञ आहेत. त्यांचा जन्म १९६६ साली लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. १९८२ साली बुडापेस्टच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्यांनी पैकीच्या पैकी गुणांसह सुवर्णपदक मिळवले. पुढे काही वर्षे अमेरिकेत संशोधन करून १९९५ साली ते मायदेशी, स्टेक्लॉव्ह संस्थेत परतले. १९९६ साली युरोपियन मॅथेमॅटिकल सोसायटीचा पुरस्कार त्यांनी घेतला नाही. नकाराची सुरुवात अशी प्रसिद्धीच्या आधीच झाली होती.

त्यांनी सोडवलेला प्रश्न आंरी प्वांकारे यांनी १९०४ साली मांडला होता. एखाद्या बंदिस्त, सीमा नसलेल्या त्रिमितीय अवकाशात टाकलेले प्रत्येक वेटोळे न तुटता आकसत एका बिंदूत येत असेल, तर तो अवकाश मुळात त्रिमितीय गोलच असतो का? यावर रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९८२ साली ‘रिक्की प्रवाह’ ही पद्धत आणली. तापलेल्या पत्र्यावर उष्णता जशी सारखी पसरत जाते, तशी या प्रवाहात अवकाशाची वक्रता एकसारखी होत जाते. पण मध्येच एखादा भाग चिमटून वक्रता अनंताकडे जाते आणि प्रवाह अडतो. हे भाग नेमके कसे असतात आणि ते कापून प्रवाह पुढे कसा चालवायचा, हे पेरेलमन यांनी दाखवले. प्वांकारे यांचे अनुमान आणि विल्यम थर्स्टन यांचे त्याहून व्यापक अनुमान, दोन्ही त्यातून सिद्ध झाली.

नोव्हेंबर २००२ ते जुलै २००३ या काळात त्यांनी तीन लेख ‘आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर टाकले. नियतकालिकाकडे एकही पाठवला नाही. तज्ज्ञांच्या अनेक गटांनी काही वर्षे तपासूनही सिद्धता टिकली. दरम्यान, डिसेंबर २००५ मध्ये पेरेलमन यांनी संस्थेची नोकरी सोडली.

२००६ साली आंतरराष्ट्रीय गणित संघाचे अध्यक्ष जॉन बॉल सेंट पीटर्सबर्गला जाऊन त्यांना भेटले, तरीही त्यांनी फील्ड्स पदक स्वीकारले नाही. सिद्धता बरोबर असेल, तर आणखी कौतुकाची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. २०१० साली क्ले संस्थेने जाहीर केलेले १० लाख डॉलरही त्यांनी नाकारले. हॅमिल्टन यांचे योगदान आपल्यापेक्षा कमी नाही आणि गणितविश्वाचे निर्णय अन्याय्य आहेत, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतर क्ले संस्थेने त्या रकमेतून पॅरिसच्या आंरी प्वांकारे संस्थेत तरुण गणितज्ञांसाठी अध्यासन सुरू केले.