जोडधंद्याचे कायदेशीर रूप : ब्रिटनमधील एकमालकी आणि मर्यादित कंपनी

नोकरी सांभाळून परदेशात एखादा लहानसा जोडधंदा चालविणाऱ्या गृहस्थापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. धंदा स्वतःच्या नावाने करावा, की त्यासाठी कंपनी स्थापावी? हा प्रश्न बहुधा करबचतीच्या दृष्टीने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही त्याच दृष्टीने दिले जाते. करांचे गणित ही ह्या प्रश्नाची केवळ एक बाजू होय. त्याचे मूळ धंद्यातील पैसा कोणाचा आणि धंद्यातील तोटा कोणाचा, ह्या दोन प्रश्नांत आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी ब्रिटनचे उदाहरण घेतले आहे. आपल्या कंपनी-कायद्याचा उगम इंग्रजी कायद्याच्या परंपरेत आहे, आणि आपल्या विद्यापीठांतून पदवी घेऊन तेथे शिक्षणास अथवा नोकरीस जाणाऱ्यांनाही ह्या प्रश्नाशी प्रत्यक्ष कर्तव्य पडते.

प्रथम दोन्ही रूपांतील भेद पाहू. एकमालकी धंद्यात धंदा आणि धंदेवाला ह्यांत कायदा कोणताही भेद करीत नाही. धंद्याचा नफा हे मालकाचे उत्पन्न, धंद्याचे कर्ज हे मालकाचे कर्ज. एका करवर्षातील एकूण जमा १,००० पौंडांहून अधिक झाली, की पुढील ५ ऑक्टोबरपूर्वी करखात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत उत्पन्नाचे विवरणपत्र व कर भरावा लागतो. ह्याहून अधिक सोपस्कार साधारणतः नाहीत. कंपनीची गोष्ट निराळी. २००६ च्या कंपनी कायद्यानुसार एकटी व्यक्तीही कंपनी स्थापू शकते; परंतु नोंदणी झाल्या क्षणी त्या व्यक्तीहून वेगळी अशी एक कायदेशीर व्यक्ती अस्तित्वात येते.

हे वेगळेपण किती खरे मानावयाचे, ह्याचा निर्णय १८९७ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने सॉलोमन खटल्यात दिला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बुटांचा धंदा करणाऱ्या आरॉन सॉलोमन ह्यांनी १८९२ साली आपला धंदा स्वतःच स्थापलेल्या कंपनीस विकला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सात सभासद आवश्यक होते; म्हणून पत्नी, कन्या व चार पुत्र ह्यांना एकेक भाग देऊन उरलेले सुमारे वीस हजार भाग त्यांनी स्वतःकडे ठेवले. शिवाय विक्रीच्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे तारण-कर्जरोखेही कंपनीकडून घेतले. धंदा लवकरच बुडाला. कंपनी म्हणजे सॉलोमन ह्यांचाच मुखवटा, तेव्हा कंपनीची देणी त्यांनीच फेडली पाहिजेत, असे खालच्या दोन्ही न्यायालयांना वाटले. लॉर्ड्सच्या सभागृहाने ते मत फिरविले. कंपनी रीतसर नोंदली गेली असेल तर ती भागधारकांहून स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचे बहुतेक सर्व भाग एकाच हाती असले तरी त्यात फरक पडत नाही, असा हा निर्णय होता. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने आलेली ‘एकव्यक्ती कंपनी’ हे ह्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल म्हणता येईल.

ह्या तत्त्वाला दोन धारा आहेत, हे मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही. कंपनीचे कर्ज माझे नाही, हे जितके खरे, तितकेच कंपनीचा पैसाही माझा नाही, हे खरे. एकमालकी धंद्यातील शिल्लक मालक केव्हाही घरखर्चास वापरू शकतो. कंपनीच्या खात्यातील पैसा मात्र वेतन अथवा लाभांश म्हणूनच बाहेर काढावा लागतो. तसे न करता संचालकाने तो उचलला, तर ती उचल त्याच्या नावे कर्ज ठरते, आणि हिशेबी वर्ष संपल्यानंतर सुमारे नऊ महिन्यांत ते फेडले नाही तर कंपनीवर वेगळा कर बसतो.

आता करांचे गणित मांडू. समजा, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थास नोकरीचे वार्षिक वेतन ४०,००० पौंड आहे आणि सायंकाळच्या शिकवण्यांतून त्यास १०,००० पौंड निव्वळ नफा होतो. २०२५–२६ च्या करवर्षाचे दर घेतले, तर १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा वेतनातच संपते, आणि ५०,२७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर शेकडा २० प्राप्तिकर पडतो. एकमालकी धंद्यात ह्या नफ्यावर २,००० पौंड कर होईल. स्वयंरोजगारावरील राष्ट्रीय विम्याची शेकडा ६ ची वर्गणी १२,५७० पौंडांच्या वरील धंद्याच्या नफ्यावरच असल्याने ती येथे लागू होत नाही. तोच नफा कंपनीत झाला, तर प्रथम शेकडा १९ दराने १,९०० पौंड कंपनी-कर द्यावा लागेल. उरलेले ८,१०० पौंड लाभांश म्हणून काढल्यास पहिले ५०० पौंड सोडून ७,६०० पौंडांवर शेकडा ८.७५ दराने ६६५ पौंड कर होईल. एकूण २,५६५ पौंड. म्हणजे कंपनीमुळे ५६५ पौंड अधिक गेले; हिशेबनिसाची फी त्याखेरीज.

वेतन ६०,००० पौंड असेल तर चित्र कसे बदलते? एकमालकीत १०,००० पौंडांवर शेकडा ४० प्रमाणे ४,००० पौंड कर पडतो. कंपनीतून सर्व नफा काढून घेतला, तर लाभांशावरील वरच्या, म्हणजे शेकडा ३३.७५ दरामुळे एकूण कर ४,४६५ पौंड होतो. येथेही कंपनी महागच ठरली. परंतु नफा न काढता कंपनीतच ठेवला, तर त्या वर्षापुरता कर केवळ १,९०० पौंड आहे. ह्यावरून एवढेच सिद्ध होते की, अशा धंद्यात कंपनीमुळे कर वाचत नाही, तो पुढे ढकलला जातो. पैशाची निकड नसणाऱ्यास, अथवा तो धंद्यातच पुन्हा गुंतविणाऱ्यास, ह्याचा उपयोग आहे. घरखर्चास हातभार म्हणून जोडधंदा करणाऱ्यास नाही. शिवाय पुढे ढकललेला कर कोणत्या दराने द्यावा लागेल, हेही निश्चित नसते. लाभांशावरील वरील दोन्ही दर एप्रिल २०२६ पासून प्रत्येकी दोनांनी वाढविण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, हे त्याचे ताजे उदाहरण होय.

तोट्याचा विचार ह्याहून महत्त्वाचा आहे. कारण नव्या धंद्याचे पहिले वर्ष बहुधा तोट्याचेच असते. एकमालकी धंदा नफ्याच्या हेतूने, खऱ्या व्यापारी पद्धतीने चालविलेला असेल, तर त्यातील तोटा नोकरीच्या उत्पन्नातून वजा करून घेता येतो. धंद्यास आठवड्यास सरासरी दहा तासांहून कमी वेळ देणाऱ्यास ही सवलत वर्षाला २५,००० पौंडांपर्यंत मिळते. वरील पहिल्या गृहस्थास प्रथम वर्षी ६,००० पौंड तोटा आला, तर करातून १,२०० पौंड परत मिळतील. कंपनीचा तोटा मात्र कंपनीचाच. तो तिच्या पुढील नफ्यातून वजा होईल. पण नफा झालाच नाही, तर संचालकाच्या वेतनावरील करात त्यामुळे काहीही सूट मिळत नाही. ज्या वर्षी आधाराची गरज सर्वाधिक, त्याच वर्षी कंपनीची भिंत मालकाच्या विरुद्ध उभी राहते.

मग कंपनीचा खरा लाभ कोठे आहे? तो दायित्वाच्या मर्यादेत आहे. उधारीवर माल घेणे, दुकानाचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करणे, नोकर ठेवणे, ही कामे असतील तर राहते घर धंद्याच्या देण्यांपासून अलग राखणे हे शहाणपणाचे होय. परंतु ही मर्यादाही निरपवाद नाही. नव्या कंपनीस कर्ज देताना बँका बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी मागतात. हमी दिली की त्या कर्जापुरती भिंत कोसळली. सल्लागाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने कोणाचे नुकसान झाले, तर तो वैयक्तिक रीत्याही जबाबदार ठरू शकतो. तेथे उपाय विम्याचा आहे. कंपनी बुडणे अटळ आहे हे कळूनही धंदा चालू ठेवणाऱ्या संचालकास १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली स्वतः भरपाई करावी लागू शकते. शिकवणी, भाषांतर, हिशेबलेखन अशा धंद्यांत भांडवल थोडे आणि उधारी जवळजवळ नसते. तेथे कंपनीने संरक्षण द्यावे असे फारसे काही उरत नाही.

ह्या लाभाची किंमतही मोजावी लागते. वार्षिक हिशेब, कंपनी-कराचे विवरणपत्र आणि निबंधकाकडे द्यावयाचे वार्षिक निवेदन, ही कामे नफा असो वा नसो, चुकत नाहीत. संचालकाचे नाव आणि कंपनीने दाखल केलेले हिशेब कोणासही पाहावयास खुले असतात. नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना स्वतःची ओळख सिद्ध करण्याचेही बंधन आले आहे.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक इशारा ह्या सर्वांच्या आधी द्यावयास हवा. ब्रिटनमध्ये विद्यार्थी म्हणून दिलेल्या प्रवेश-परवान्यावर स्वयंरोजगारास तसेच धंदा करण्यास मनाई आहे. कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यास मुख्यतः प्रायोजक मालकाकडीलच काम करता येते. पूरक नोकरीची मर्यादित मुभा असली तरी स्वयंरोजगार तीत बसत नाही. कंपनी काढली म्हणजे ही अडचण टळते, असा समज आढळतो. तो घातक आहे. कंपनी स्वतंत्र व्यक्ती असली, तरी तिच्यासाठी काम करणारी व्यक्ती परवानाधारकच असते, आणि अटींचा भंग झाल्यास शिक्षण व वास्तव्य दोन्ही गमावण्याचा प्रसंग येतो.

सारांश, क्रम असा असावा : प्रथम धंद्याची परवानगी आहे काय, ते पाहावे, नंतर तोटा आल्यास तो कोणी सोसावयाचा, ते ठरवावे, त्यानंतर नफ्याची आपणास तत्काळ गरज आहे काय, ह्याचा विचार करावा, आणि कराचे दर सर्वांत शेवटी पाहावेत. जोखीम अल्प आणि नफा घरी लागणारा असेल, तर एकमालकी पुरेशी आहे. एकमालकीतून पुढे कंपनीत जाण्याचा मार्ग सॉलोमन ह्यांच्या काळाप्रमाणे आजही खुला आहे. घाईने काढलेली कंपनी रीतसर बंद करणे मात्र तितके सोपे नाही.