संगणकाची जोडी जुंपण्यापूर्वी



उसाची लागण करायची म्हटलं की आपण आधी बेणं आणायला धावत नाही. रान नांगरतो, सरी सोडतो, पाणी कुठून येणार ते बघतो, आणि मगच बेण्याकडे वळतो. संगणकाच्या बाबतीत मात्र पुष्कळ ठिकाणी उलटे होते. यंत्रे आली की सॉफ्टवेअर चढवायची घाई, आणि यंत्रांना जोडणाऱ्या तारांचा विचार मागाहून. या लेखात आम्ही त्या तारांविषयी थोडी माहिती देत आहोत, कारण आपली वजनपावती आणि आपले बिल त्यांवर अवलंबून असते.

काट्यावर गाडी लागली की वजन, खेप, सभासदाचे नाव यांची नोंद संगणकात होते. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. नोंदी ठेवणारे यंत्र एकच असले आणि ते रात्री दोन वाजता बंद पडले, तर गाडीतळावर रांग लागते. ऊस वाळतो, वजन घटते, नुकसान सभासदाचे. म्हणून दोन किंवा अधिक यंत्रे एकत्र जुंपतात. माहितीचा साठा एकच, ओढणारी यंत्रे दोन. एक बसले तर दुसरे काम पुढे नेते. याला डेटाबेस क्लस्टर म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८३ मध्ये आपली व्हॅक्स यंत्रे अशी एकत्र जोडली. ओरॅकल कंपनीची ‘रॅक’ ही पद्धत २००१ मध्ये आली.

आता खरी अडचण ऐका. जोडीतील यंत्रे दर सेकंदाला एकमेकांना ‘मी आहे’ असा निरोप पाठवतात. ओरॅकलच्या पद्धतीत साधारण ३० सेकंद निरोप आला नाही, तर जोडीदार गेला असे धरतात. पण निरोप न येण्याची कारणे दोन असू शकतात. जोडीदार खरोखर बसला असेल, किंवा वाट अडली असेल.

मुंबईच्या दहिसरचे उदाहरण घेऊ. आपल्या भागातील बरीच मुलंबाळं नोकरीनिमित्त त्या बाजूला राहतात. दहिसर हे मुंबई महापालिकेच्या हद्दीचे उत्तर टोक. गुजरातकडून हमरस्त्याने येणारी वाहने इथूनच शहरात शिरतात. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, पण त्याआधी कित्येक वर्षे इथल्या नाक्यावरची रांग प्रसिद्ध होती. समजा, एक भाऊ मीरा रोडला आणि दुसरा दहिसरला. रोज संध्याकाळी थोरल्याचा माणूस खुशालीचा निरोप घेऊन नाका ओलांडून येतो. एके दिवशी तो आला नाही. थोरल्याला काही झालं, की माणूस नाक्यावर अडकला? दहिसरला घरी बसून कसं कळणार?

यंत्रांचेही असेच होते. वाट अडली की दोघेही समजतात, दुसरा गेला, आता कारभार माझा. दोघेही एकाच साठ्यात आपापल्या नोंदी लिहू लागले तर साठाच बिघडतो. एका खेपेच्या दोन पावत्या, नाहीतर एकही नाही! हे टाळण्यासाठी सामाईक डिस्कवर मत ठेवण्याची सोय असते. मतांची संख्या विषम, बहुधा तीन, ठेवतात. ज्याच्याकडे बहुमत, तो चालू राहतो. दुसऱ्याला बाजूला व्हावे लागते. मात्र वाट वारंवार अडली, तर धडधाकट यंत्रही उगाच बाहेर फेकले जाते. म्हणून वाट आधी नीट करायची.

पहिली गोष्ट, यंत्रांच्या आपसांतील बोलण्याला वेगळी चारी हवी. ऑफिसचे छपाईचे काम, काट्याच्या नोंदी आणि हा निरोप एकाच तारेवर सोडू नये. वेगळे स्विच, वेगळ्या तारा, आणि त्याही दोन-दोन. दहिसर पूर्व स्थानकातून अंधेरीकडे मेट्रोच्या दोन मार्गिका जातात. २अ लिंक रोडने अंधेरी पश्चिमेला, तर ७ द्रुतगती महामार्गाने गुंदवलीला. पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उरलेला जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. शिवाय जुनी पश्चिम रेल्वे आहेच. एक वाट बंद पडली तरी माणूस पोचतो. तारांचेही तसेच, मात्र दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर वाट एकच राहिली असे समजावे.

दुसरी गोष्ट, नावे आणि पत्ते. शेताला जसा गट नंबर, तसा यंत्राला पत्ता. तो कायमचा हवा. रोज नवा मिळणारा चालत नाही. प्रत्येक यंत्राला एक पत्ता बाहेरच्यांसाठी, एक आपसांतल्या बोलण्यासाठी, आणि एक फिरता. चिटबॉय रजेवर गेला की त्याचे गाव बदली माणूस सांभाळतो, तसा यंत्र बसल्यावर त्याचा फिरता पत्ता दुसरे यंत्र घेते. याखेरीज साऱ्या जोडीचे मिळून एक नाव असते. ओरॅकलमध्ये त्याला ‘स्कॅन’ म्हणतात आणि त्याच्या मागे तीन पत्ते ठेवण्याची शिफारस आहे. यंत्राचे नावही आधीच पक्के करावे. पुढे बदलायचे झाले, तर ते यंत्र जोडीतून सोडून पुन्हा जुंपावे लागते.

तिसरी गोष्ट, दोन्हीकडे सारखेपणा. तारा लावायच्या जागांची नावे दोन्ही यंत्रांवर तीच हवीत. घड्याळेही जुळलेली हवीत, नाहीतर आधी आलेली गाडी नोंदीत नंतर दिसायची.

चौथी गोष्ट, परीक्षा. सॉफ्टवेअर चढवण्यापूर्वी प्रत्येक यंत्राने दुसऱ्याला नावाने हाक मारून पाहावी, उत्तर दोन्ही दिशांनी यावे. फिरत्या पत्त्यावरून मात्र या वेळी कोणाचेही उत्तर येता कामा नये. आले, तर तो पत्ता दुसरे कोणी वापरत आहे. मग एक तार मुद्दाम उपटावी आणि बोलणे चालू राहते का ते पाहावे. हंगाम सुरू झाल्यावर उंदराने तार कुरतडण्यापेक्षा आपणच आधी उपटलेली बरी.

सभासदाला यातले काय करता येईल? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि तो हिशेब काट्यावरच्या नोंदीपासून सुरू होतो. तेव्हा वार्षिक सभेत नव्या संगणकांचा विषय निघाला की किमतीबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. निरोपाची वाट वेगळी आहे का? ती दुहेरी आहे का? आणि तार उपटून पाहिली का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ येईपर्यंत जोडी काट्याच्या कामाला जुंपू नये, असे आमचे मत आहे. गळीत सुरू होण्याआधी या कामाला सवड असते. बॉयलर पेटल्यावर ती मिळत नाही.