ठिपके पाहा, बॉबकॅट ओळखा!

दोस्तांनो, एक कोडं सोडवा पाहू! दिसते मांजरीसारखी, पण घरच्या मांजरीच्या जवळजवळ दुप्पट मोठी. शेपूट आहे, पण अगदी आखूड. कानांच्या टोकांवर काळ्या केसांची शेंडी. आणि गालांवर चक्क कल्ले! कोण बरं ही?

ही आहे बॉबकॅट! उत्तर अमेरिकेतली रानटी मांजर. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट मेक्सिकोपर्यंत ती राहते. जंगलात, वाळवंटात, दलदलीत, अगदी शहरांच्या कडेलासुद्धा! ससे, उंदीर, खारी, पक्षी हे तिचं जेवण.

गंमत म्हणजे, तिथल्या कितीतरी लोकांनी तिला एकदाही पाहिलेलं नसतं! कारण ती बहुतेक वेळा पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री बाहेर पडते. तीही एकटीच. आणि चालते कशी, माहितीये? पुढचा पाय जिथे पडला, बहुतेक वेळा त्याच ठशावर मागचा पाय! पाचोळासुद्धा फारसा वाजत नाही. आपण झाडामागे लपून बसलो, तर आपली चाहूल तिला आधी लागणार. मग ती कसली येतेय समोर!

म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. आपण घरी जायचं आणि पहाऱ्याला कॅमेरा ठेवायचा! या कॅमेऱ्याला म्हणतात ‘कॅमेरा ट्रॅप’. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचं जॅस्पर रिज नावाचं राखीव रान आहे. तिथे असे कॅमेरे लावलेले आहेत. बॉबकॅट त्यांच्या समोरून येते-जाते आणि तिचा फोटो निघतो.

हा कॅमेरा असतो साधारण जेवणाच्या डब्याएवढा. रंग झाडाच्या सालीसारखा. तो पट्ट्याने खोडाला बांधतात, आपल्या गुडघ्याच्या उंचीवर. एवढ्या खाली का? अहो, बॉबकॅटची उंचीच तेवढी! वर बांधला तर फोटोत नुसती पाठ येईल.

पण तिथे माणूसच नाही, मग बटण दाबतं कोण? ओळखा पाहू!

स्वतः बॉबकॅट! तिला मात्र याचा पत्ताच नसतो. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पोळीजवळ हात नेऊन पाहा. हात न लावताही ऊब कळते ना? प्राण्याच्या अंगातूनही अशीच उष्णता बाहेर पडत असते. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला ती कळते. आजूबाजूच्या झाडझाडोऱ्यापेक्षा गरम असं काही समोरून सरकलं, की झोपलेला कॅमेरा जागा होतो. आणि खटॅक!

कधीकधी मात्र कॅमेरा फसतो. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं, तरी त्याला वाटतं, आला कुणीतरी! मग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर काय सापडतं? गवत, गवत आणि पुन्हा गवत! हे सगळे फोटो कुणीतरी चिकाटीने पाहून निवडतं. हल्ली त्यात संगणकही मदत करतो.

रात्री फ्लॅशच्या लखलखाटाने बॉबकॅट पळून नाही का जाणार? म्हणून कॅमेरा अवरक्त प्रकाश टाकतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधूनही तसाच प्रकाश निघतो! करून पाहा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर दिवा चमकलेला दिसला? नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता! या प्रकाशात काढलेले फोटो काळे-पांढरे येतात.

प्राण्यालाच स्वतःचा फोटो काढायला लावायची ही युक्ती नवी नाही बरं का! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत जॉर्ज शायरस नावाचे गृहस्थ जंगलात दोरी ताणून ठेवायचे. प्राण्याचा धक्का दोरीला लागला, की फोटो! त्यांचे 74 फोटो 1906 साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात छापून आले.

आता खरी मजा! समजा, कॅमेऱ्यात बॉबकॅटचे दहा फोटो आले. मग बॉबकॅट किती? दहा? छे! एकच बॉबकॅट दहा वेळा गेली असेल तर?

उत्तर तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. प्रत्येक बॉबकॅटच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी! पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला काळे पट्टे असतात, तेही वेगवेगळे. शास्त्रज्ञ दोन फोटो शेजारी ठेवतात. खांद्याजवळचे तीन ठिपके जुळले का? पायावरचा पट्टा जुळला का? जुळला, तर तीच ती!

थांबा, अजून एक आश्चर्य आहे! तिच्या डाव्या अंगाची नक्षी उजव्या अंगाशी जुळतच नाही! एका फोटोत डावी बाजू आली, दुसऱ्यात उजवी, तर एकाच बॉबकॅटच्या दोन बॉबकॅट व्हायच्या. वर्गाच्या हजेरीत एकच मुलगी दोनदा मोजल्यासारखं! म्हणून पायवाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. ती मधून गेली, की दोन्ही बाजूंचे फोटो एकदम मिळतात. आहे की नाही डोकं?

आपल्याकडेही हेच करतात! मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे त्यांच्या ठिपक्यांवरून ओळखतात आणि ताडोबातले वाघ त्यांच्या पट्ट्यांवरून. कुणाला पकडायला नको, बेशुद्ध करायला नको, घाबरवायला नको. तरी रानात किती जण राहतात, याचा चांगला अंदाज येतो. आणि ते कळलं, तरच त्यांच्यासाठी किती रान राखायला हवं, हेही कळतं.

तेव्हा दोस्तांनो, सहलीला गेलात आणि झाडाला बांधलेला असा डबा दिसला, तर त्याला हात लावू नका, हलवू नका. त्याला त्याचं काम करू द्या!