शटर उघडायच्या आधीची दहा मिनिटं

उधारी वसुलीच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "सर, गिऱ्हाइकासमोर डोकं शांत कसं ठेवायचं?" व्हिडिओत मी दोन वाक्यांत उरकलं होतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या उंबरमाळी भागात जूनच्या तोंडावर पत्रे, ताडपत्री, सिमेंट यांची झुंबड असते, आणि त्यातला बराच माल उधारीवर जातो. भात निघालं की पैसे, हा हिशोब वडिलांच्या वेळेपासूनचा. एका वर्षी होलसेलवाल्याने पेमेंटसाठी सकाळपासून पाच फोन केले. त्याच दुपारी एक जुने काका दोन पत्रे मागायला आले आणि मी चार माणसांत त्यांच्यावर ओरडलो, "आधीचे कधी देणार?" काका काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळी बाकी टेबलावर ठेवून गेले. त्यासाठी त्यांनी बकऱ्या विकल्याचं मला नंतर कळलं.

वसुली झाली म्हणाल तर झाली. पण वसुली अशी करायची नसते.

ज्यांच्या पद्धतीने मला उपयोग झाला ते सत्यनारायण गोएंका स्वतः व्यापारीच होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जन्म 1924 चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. धंदा मोठा, पण अर्धशिशी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. 1955 साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू म्हणजे कुणी जंगलातले साधू नव्हेत, सरकारचे महालेखापाल. आकड्यांत बुडालेला माणूस! फक्त डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असं त्यांनी आधी सांगितलं. पुढे 1960 च्या दशकात लष्करी सरकारने गोएंकांचे उद्योग ताब्यात घेतले. 1969 मध्ये ते भारतात आले आणि शिकवू लागले. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं.

इगतपुरी म्हणजे आपल्याला घाट चढला की आलीच. आपली लोकल कसाऱ्याला संपते. पुढे चढ एवढा की 37 फुटांमागे 1 फूट, म्हणून लांबच्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लावतात. मी बिनइंजिनाचा, वडापने गेलो. जुलैत गेलो, कारण लावणी चालू असते, बांधकामं बंद असतात आणि दुकानात माश्या मारायचं काम असतं. दुकान भावाकडे दिलं.

शिबिर 10 दिवसांचं, पण जाणं-येणं धरून 12 दिवस मोकळे ठेवा. पहाटे 4 ला उठायचं, मोबाइल जमा, बोलणं बंद. फी नाही. शिबिर केलेले लोक पुढच्यांसाठी दान देतात, त्यावर चालतं. (फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला होता. व्यापारी डोकं!) पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, याला आनापान म्हणतात. दुसऱ्या दिवशी माझं मन श्वासावर कमी आणि होलसेलवाल्याच्या बिलावर जास्त होतं. पळून यावंसं वाटलं. राहिलो.

ज्यांना 12 दिवस मिळत नाहीत त्यांनी निदान एवढं करा. शटर उघडायच्या आधी दहा मिनिटं आत बसा, पाठ सरळ, डोळे मिटून. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जाणवतो का बघा. मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचाही नाही. मन गल्ल्याकडे गेलं की परत आणा. ते शंभर वेळा जाईल, त्यात चिडण्यासारखं काही नाही.

फायदा कुठे दिसतो सांगतो. राग येतो तेव्हा आधी श्वास जोरात चालायला लागतो. रोज बघायची सवय असेल तर ते लगेच लक्षात येतं, आणि तोंड उघडायच्या आधी दोन-तीन सेकंद हातात मिळतात. मला तेवढे पुरतात. रोज नाही. परवाच टेम्पोवाल्यावर घसरलो.

दुसरी सवय माझी स्वतःची. उधारीची वही रात्री उघडायची नाही. वसुलीचे फोन सकाळी 10 ते 11, मी बसूनच करतो. रात्री आकडे बघून झोप जाते आणि पैसे काही रात्री येत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते लपवू नका.

काकांच्या घरी मी त्या वर्षी गणपतीत गेलो, माफी मागितली. त्यांनी चहा दिला, भाताचं विचारलं तर नीट बोलले. दुकानात मात्र ते अजून आलेले नाहीत. मुलगा येतो, रोख देतो, पावती मागतो.