लेंकुरवाळ्यांचा परदेशप्रवास

परदेशीं सहल करणें हें धनिकांचें, अथवा निदान मागें कसलाच पाश नसलेल्या तरुण जोडप्यांचें काम. घरांत चार-पांच वर्षांचें मूल असेल तर तें मोठें होईपर्यंत असला विचार मनांत आणूं नये, अशी आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत बहुतेकांची समजूत असते. ह्या समजुतींत थोडें तथ्यहि आहे. विमानाचें भाडें, हॉटेलांचीं बिलें, परक्या देशांतील अन्न आणि त्यांतून लहान मुलाचें दुखणें-खुपणें, इतक्या गोष्टी नजरेपुढें आल्या म्हणजे हौस आपोआप मागें सरते. परंतु परदेश म्हटला कीं तो युरोप किंवा सिंगापूरच असला पाहिजे असें कां समजावें? आपल्या उत्तर सीमेला लागून असलेला नेपाळ हाहि परदेशच आहे. आणि बेताच्या खर्चांत लहान मुलास डोंगर, तळें व मोकळी हवा ह्यांच्या सहवासांत आठ-दहा दिवस ठेवण्याची सोय तेथें उत्तम आहे. मात्र ह्या सहलीची आंखणी मोठ्यांच्या हौसेवरून न करतां मुलाच्या पायांवरून व पोटावरून केली पाहिजे. ती कशी करावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम काळाचा विचार. जून ते सप्टेंबर हे महिने वर्ज्य समजावे. पाऊस, घाटांतील दरडी आणि पायवाटांवरील जळवा ह्यांच्याशीं झगडण्यांत मुलाला कांहींच गोडी नाहीं. मे महिन्याची सुट्टी मोठी खरी, पण त्या दिवसांत हवेंत धुरळा दाटून शिखरें पुष्कळदां दिसतच नाहींत, आणि दुपारीं वादळी सरी येतात. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर हा काळ सर्वांत चांगला, आणि आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमारास येते. तिकडे दिवाळीला ‘तिहार’ म्हणतात. आपल्याकडे नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान होतें, त्या सुमारास तेथें कुत्र्याच्या गळ्यांत झेंडूची माळ व कपाळीं टिळा घालून त्याची पूजा होते. हा सोहळा मुलांस पाहावयास मिळाला तर उत्तमच. पण लक्ष्मीपूजन आपल्याच घरीं व्हावें असा वडील मंडळींचा आग्रह असेल, तर भाऊबीज उरकून निघावें. त्यानें हवेच्या दृष्टीनें कांहीं बिघडत नाहीं.

कागदपत्रांची यातायात येथें थोडी आहे. भारतीयांस नेपाळांत जाण्यास व्हिसा लागत नाहीं. १९५० च्या तहापासून उभय देशांच्या नागरिकांस एकमेकांच्या देशांत मोकळेपणीं जातां येतें. तथापि विमानानें जाणाऱ्या प्रौढांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावें लागतें. केवळ आधारकार्डावर भागत नाहीं. पंधरा वर्षांखालील मुलांस व पासष्ट वर्षांवरील वृद्धांस छायाचित्र असलेला वयाचा दुसरा पुरावा चालतो. खुष्कीच्या मार्गानें जाणारांनींहि हींच कागदपत्रें जवळ ठेवावीं, आणि मुलाच्या जन्मदाखल्याची एक प्रत आईच्या पिशवींत व एक बापाच्या खिशांत असूं द्यावी.

आतां मार्ग. वेळ थोडा व पैसा अधिक असेल त्यांनीं विमानानें काठमांडू गांठावें. पैसा बेताचा व सुट्टी पुरेशी असेल त्यांस आगगाडी हाच राजमार्ग. मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेस गोरखपुरास जाते. दोन रात्री गाडींत जातात. पांच वर्षांखालील मुलास निराळी शायिका न घेतल्यास भाडें पडत नाहीं. पण दोन रात्रींच्या प्रवासांत ही काटकसर आईच्या झोपेंतून होते, म्हणून शक्य तर तिसरी शायिका घ्यावी. गोरखपुराहून सोनौलीची सीमा शंभर किलोमीटरांच्या आंत आहे. पलीकडे भैरहवा, आणि तेथून जवळच लुंबिनी, भगवान बुद्धांचें जन्मस्थान. १८९६ सालीं तेथें अशोकाचा शिलास्तंभ उजेडांत आला. आगगाडीनें आंबलेल्या मुलाला तेथील विस्तीर्ण बागेंत एक दिवस मनसोक्त धांवूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं घाट चढून तानसेन ह्या टुमदार डोंगरी गांवीं मुक्काम करावा आणि तिसऱ्या दिवशीं पोखरा गांठावें. भैरहव्याहून पोखऱ्यास एका दमांत जाणारे लोक पुष्कळ आहेत; परंतु रस्ता वळणांचा आहे, आणि ओकाऱ्या काढून थकलेलें मूल पुढील दोन दिवसांचा आनंद हिरावून घेतें. रात्रींचा घाट मात्र कोणत्याहि कारणानें करूं नये. जाण्यायेण्यासह ह्या सर्व बेतास चौदा दिवस पुरतात.

खर्चाच्या बाबतींत एक सोय अशी कीं, १९९३ पासून भारताच्या १ रुपयास नेपाळचे १.६ रुपये हा दर कायम आहे. म्हणजे आपले शंभर ते त्यांचे एकशें साठ. शंभर रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा तेथें सहसा चालतात. २०२४ पासून कांहीं दुकानांत यूपीआयनेंहि पैसे देतां येतात, परंतु डोंगरांतील खेड्यांत त्यावर विसंबूं नये. अंदाजपत्रक करतांना प्रवास, मुक्काम, जेवण व किरकोळ असे चार रकाने पाडावे, आणि एकूण बेरजेचा पांचवा हिस्सा निराळ्या पाकिटांत शिल्लक ठेवावा. तें पाकीट दुखण्यासाठीं, खरेदीसाठीं नव्हे. मुलासह सर्वांचा प्रवासविमाहि उतरावा. काटकसर करावयाची ती मुक्कामांची संख्या कमी करून करावी, सोयी कमी करून नव्हे. दर दिवशीं गांव बदलणारें कुटुंब भाड्यांतच पैसा घालवतें. एकाच ठिकाणीं चार रात्री राहणाऱ्यास खोलीहि स्वस्त मिळते आणि मुलासहि तें घर वाटूं लागतें.

जेवणाची काळजी आपल्या शाकाहारी घरांस फार वाटते, पण ती येथें अस्थानीं आहे. दाळ, भात व तरकारी हेंच तेथील नित्याचें अन्न. बहुतेक खाणावळींत भात-दाळ पुन्हां मागितल्यास निराळा आकार घेत नाहींत. मसाला बेताचा असतो. साधें वरण-भात खाणाऱ्या मुलाला तो सोसतो. पाणी मात्र उकळलेलेंच घ्यावें, आणि मेतकूट, भाजलेले पोहे व मुगाची खिचडी ह्यांचा थोडा शिधा बरोबर असावा.

पोखरा सुमारें ८२० मीटर उंचीवर आहे, म्हणजे थंडी सोसवणारी व हवा निर्धोक. फेवा तळ्यांत नावेंतून बेटावरील ताल-बाराहीच्या देवळास जावें. नावेंत मुलाच्या अंगांत त्याच्या मापाचें तरंगजाकीट असल्यावांचून पाऊल ठेवूं नये. समोर ६,९९३ मीटरांचा माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटासारखा दिसणारा पर्वत. १९५७ सालीं एक ब्रिटिश तुकडी त्याच्या माथ्याच्या अगदीं जवळून परत फिरली, आणि पुढें सरकारनें त्यावर चढाईच बंद केली. पायीं चालण्यासाठीं काण्डे ते ऑस्ट्रेलियन कॅम्प व तेथून धम्पूस ही वाट योजावी. काण्ड्यापर्यंत गाडी जाते. तेथून कॅम्पास मोठ्या माणसास दीड-दोन तास लागतात. मुलाबरोबर दुप्पट वेळ धरावा. वाटेंत दगड वेंचणें, बकऱ्यांमागें धांवणें, मध्येंच बसकण मारणें, हाच मुलाचा खरा प्रवास असतो. ही वाट अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रांत येते. तेथील परवान्यास सार्क देशांच्या नागरिकांस १,००० नेपाळी रुपये पडतात, आणि दहा वर्षांखालील मुलांस तो लागत नाहीं. ओझ्यासाठीं भरिया करावा. तोहि कोणाचा बाप असतो. म्हणून ओझें वीस किलोंपेक्षां अधिक देऊं नये, आणि त्याच्या जेवणाची व निवाऱ्याची चौकशी आपल्या जेवणाआधीं करावी.

ह्यापुढील मुद्दा नाजूक आहे. पोखऱ्यापर्यंत आलों तर मुक्तिनाथाचें दर्शन घडावें, ही इच्छा आपल्या एकत्र कुटुंबांतील वडील माणसांच्या मनांत येणारच. आणि हल्लीं गाडी थेट जाते, मग अडचण कसली, असा प्रश्नहि निघणार. अडचण उंचीची आहे. मुक्तिनाथ सुमारें ३,७०० मीटरांवर आहे. तेथें हवेचा दाब इतका उतरतो, कीं प्रत्येक श्वासांतून समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें दोन-तृतीयांशच प्राणवायु मिळतो. अडीच हजार मीटरांच्या वर घाईनें चढलें असतां डोकें दुखणें, मळमळ, झोंप न येणें अशीं चिन्हें कोणासहि होतात, आणि दुर्लक्ष केल्यास जीवावर बेततें. मोठें माणूस “डोकें दुखतें” असें सांगतें. चार वर्षांचें मूल केवळ किरकिर करतें, खात नाहीं, खेळत नाहीं, आणि आपण तें हट्टावर घालतों. म्हणून मुलासह अडीच हजार मीटरांची मर्यादा ओलांडूं नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. ज्या वडिलांची प्रकृति चांगली आहे व ज्यांस डॉक्टरांनीं अनुज्ञा दिली आहे, त्यांनीं वाटेंत जोमसोमास मुक्काम करून दर्शन घेऊन यावें. आईबाप व मूल तोंवर तळ्याकांठीं राहतील. ह्यांत देवाचा अनादर नाहीं, कीं वडिलांचाहि नाहीं. हा निर्णय मात्र घरींच, निघण्यापूर्वीं, सर्वांसमक्ष व्हावा. पोखऱ्यास गाडी दारांत उभी असतां सुनेनें एकटीनें “नको” म्हणावें, अशी वेळ तिच्यावर येऊं देऊं नये.

आरोग्याच्या दोनच गोष्टी आणखी. तराईंत डास असतात, तेव्हां मुलास संध्याकाळीं पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे. आणि कुत्र्यानें वा माकडानें ओरबाडलें तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं लस टोंचून घ्यावी. घरीं परतल्यावर पाहूं, असें म्हणूं नये.

एवढें करून मुलाला काय मिळतें? तें सारें विसरून जाईल, असें पुष्कळजण म्हणतात. कदाचित् विसरेलहि. परंतु नेपाळीची लिपि देवनागरीच आहे. नुकतीं अक्षरें ओळखूं लागलेलें मूल तेथील दुकानांच्या पाट्या व नोटांवरील आंकडे स्वतः वाचतें. शब्द परके, पण अक्षरें आपलीं, हा चमत्कार त्याला सीमेपलीकडे पहिल्याच चौकांत भेटतो. घड्याळ पंधरा मिनिटें पुढें कां करावयाचें, हेंहि तें विचारतें. परदेश म्हणजे काय, ह्याचा इतका सोपा धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

तिकिटें काढण्यापूर्वीं मात्र एक परीक्षा घ्यावी. लागोपाठ दोन रविवारीं मुलाला सिंहगडावर किंवा माथेरानच्या वाटांवर न्यावें, आणि कडेवर न घेतां तें किती चालतें, कोठें थांबतें, काय खातें, हें एका कागदावर टिपून ठेवावें. नेपाळांतील प्रत्येक दिवसाचा बेत त्या कागदावरून ठरवावा, आणि वडील मंडळींसहि तोच दाखवावा. त्यांच्या शंकांचें त्याहून चांगलें उत्तर नाहीं.